रविवारचा वर्ग, डनेडिन

सहा मुलं. ओरलीला सर्दी झाली की पाच.
हॉल भाड्याचा. शनिवारी इथे टॅप डान्स शिकवतात,
म्हणून फरशीभर टाचांचे ओरखडे
आणि एक भिंत अख्खी आरशाची.
आरशासमोर बसून आम्ही अलेफ गिरवतो.
डावखुऱ्या टोबायसची शाई इथे फासत नाही,
उजवीकडून डावीकडे हात मोकळा चालतो.
बाकीच्या शाळेत रोज त्याची बाही निळी होते.
या एका तासापुरता तो सरळ हाताचा.

मी शिक्षिका नव्हे. आठवडाभर औषधाच्या दुकानात
गोळ्या मोजते.
लिफ्शिट्झबाई लेकीकडे मेलबर्नला राहायला गेल्या
तेव्हा बिस्किटांचा एक डबा माझ्या हाती ठेवून गेल्या :
अकरा लाकडी भोवरे, अर्ध्या जळलेल्या मेणबत्त्या,
आणि पृथ्वीच्या वरच्या अर्ध्यात छापलेलं एक पुस्तक.
शुक्रवारी घरी मी दिवे लावतेच असं नाही.
मुलांना हे ठाऊक नाही.
डब्याला आहे.

पहिल्या दिवशी अक्षरावर मध लावून चाटायला देतात,
म्हणजे विद्या गोड लागते.
आमचा मध मानुकाचा, जरा कडवट,
दुकानातूनच आणलेला, माझ्या सवलतीत.
प्लास्टिकच्या अक्षरांवर बोट बोट फिरवला.
सांगितलं, अलेफला स्वतःचा आवाज नसतो,
तरी सुरुवात त्याच्यापासूनच.
ओरलीने चाटून पाहिलं, विचार केला,
म्हणाली, चव आहे की.

पुस्तकातला पेसाख वसंतात येतो.
आमच्याकडे एप्रिलात पानगळ.
पार्स्लीची काडी मिठाच्या पाण्यात बुडवत
मी म्हणते, ही बघा कोवळी पालवी,
आणि खिडकीबाहेर नगरपालिकेचा माणूस
खराट्याने पिवळी पानं ओढत असतो.
"पाणी खारट का?"
अश्रू आहेत. गुलामीतले.
"अश्रू खरे आणि पालवी खोटी?"
विचारणारी हदासा, साडेचार वर्षांची.
प्रश्न विचारायचा मान सगळ्यांत धाकट्याचा,
हे मीच तिला शिकवलं. आता भोगते आहे.

ऑक्टोबरात सुगीचा मांडव घातला,
चार बांबू, वर फांद्या, फटींतून आभाळ दिसलं पाहिजे.
दक्षिणेच्या वाऱ्याने सगळंच आभाळ दाखवलं.
मांडव शेजारच्या पार्किंगमध्ये सापडला.
मुलांना त्या वर्षीचं एवढंच आठवतं
आणि ते फार आनंदाने आठवतं.

नवा महिना नव्या कोरीने सुरू होतो, सांगितलं. चित्र काढा.
पुस्तकातली चंद्रकोर उजवीकडे फुगलेली,
लेवने काढलेली डावीकडे.
मी खोडरबर उचललं.
"काल अंगणातून बघितली," तो म्हणाला, मान वर न करता.
खोडरबर डब्यात टाकलं.
किती वर्षं मी चंद्र पुस्तकात बघत होते.

डिसेंबरात हनुक्का. पुस्तकात बर्फ.
इथे सूर्य साडेनऊला मावळतो, तोही कुरकुरत.
दिवे अंधार पडल्यावर लावायचे, तीन तारे दिसले की.
म्हणून शेवटचा वर्ग रात्री, किनाऱ्यावर.
झोपायच्या कपड्यांवर स्वेटर घातलेली सहा मुलं,
जांभया देणारे आईबाप,
वाळूत रोवलेली आमची पत्र्याची दीपदाणी.
पहिला तारा टोबायसला दिसला.
दुसऱ्याने वीस मिनिटं घेतली.
मग ढग.
शमाश हातात धरून मी उभी,
इतरांना पेटवते ती नववी मेणबत्ती,
तिला आधी कोणीतरी पेटवावं लागतं.
कोणी म्हणालं, उद्या शाळा आहे मुलांना.
हदासा बापाच्या खांद्यावर पेंगुळलेली.
तिने अर्ध्या डोळ्यांनी समुद्राकडे बोट केलं :
"तीन."

मासेमारीची बोट होती. हलत होती चांगली.
सगळे माझ्याकडे बघू लागले.
नियम मला पाठ होता.
मी काडी ओढली.